वास उतरला की जाऊ

आमची आई, आक्काताई, आयुष्यात एकच खोटं बोलली. पण ते तीन वर्षं रोज बोलली.

आबा, म्हणजे माझे वडील कृष्णात, एस.टी.च्या वर्कशॉपात गाड्या रंगवायचे. लकव्यानं त्यांची एक बाजू गेली आणि डोक्यातही धुकं भरलं. एवढ्याशा आईला त्यांना उचलणं झेपेना, म्हणून शहरातल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. रोज दुपारी कळंब्याच्या तळ्याजवळच्या आमच्या घरून आई डबा घेऊन जायची आणि आबा विचारायचे, "घरी कवा?" पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "घराला रंग चाललाय. वास उतरला की जाऊ."

रंग म्हटल्यावर आबा जागे झाले.

"अस्तर मारलं?"

"मारलं की."

"आदी घासून घेतलं न्हवं?"

"व्हय. रंग कंचा लावू?"

"निळा. ऑईलपेंट. डिस्टेंपर लावशील तर बघ!"

मग रोज दुपारी दोघं त्या खाटेवर घर रंगवायची. डोळे मिटून आबा चादरीवरून हात फिरवायचे, भिंत गुळगुळीत झाली का बघायचे. मी चिडायचे. "आई, कशाला फसवतेस त्यांना?" ती म्हणायची, "फसवत न्हाय. काम चालू हाय." एखाद्या दिवशी मीही खिडकीशी ऐकत बसे, आणि केंद्राच्या मळकट भिंती निळ्या होत चालल्यात असं मला वाटू लागे. आबा गेले तेव्हा रंगाचा दुसरा हात चालू होता.

मग घर विकणं आलं. होतं नव्हतं ते केंद्राच्या खर्चात गेलेलं, आणि गुडघ्यांनी थकलेल्या आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. ती माझ्याकडे यायची होती. घर घेणारा विश्वजित तसा भला माणूस. जुनं पाडून तो नवं बांधणार होता. कागद झाले, किल्ली द्यायला पंधरा दिवस उरले, आणि आईनं निळ्या ऑईलपेंटचे डबे आणले.

"काकू, पाडायचंच हाय की हे!" विश्वजित म्हणाला.

"पाडा की. मला तेवढं पुरं करू द्या. त्यास्नी सांगून ठेवलंय मी."

मी तोंड सोडलं. तुझे गुडघे, लोक काय म्हणतील, सगळं बोलून घेतलं. ती स्टुलावर चढली. मग काय करणार? आधी मी स्टूल धरलं, नंतर ब्रश.

ते दिवस मला अर्धवटच आठवतात. सामान हललेलं, बोललं की आवाज घुमायचा. तळ्यावरचं वारं आत यायचं आणि निळ्या खोलीत फिरत राहायचं. दुपारी आई फरशीवर आडवी व्हायची आणि झोपेत उत्तरं द्यायची. "व्हय... कोपरे आदी... मग भिंत." प्रश्न मला ऐकू येत नव्हते, पण ते मला माहीत होते. आबांची इतकी आठवण मला ते गेले त्या दिवशीही आली नव्हती.

किल्ली द्यायच्या दिवशी आईनं सगळ्या खिडक्या उघडून खोल श्वास घेतला. "उतरला वास," ती म्हणाली. मग बाहेर गेली आणि कुणाला तरी दंडाला धरून आणावं तशी, सावकाश, उंबरा ओलांडून आत आली. एकेका भिंतीपाशी थांबली. विश्वजित दारात उभा होता. त्यानं गपचूप चपला काढल्या. स्वयंपाकघराशी आई थबकली.

"क्रांते, वरचा कोपरा सुटलाय म्हणत्यात."

बघते तर खरंच, तळहाताएवढी जागा पांढरी राहिली होती. मी डबा पुन्हा उघडला, स्टुलावर चढले आणि आबांना चालेल इतका नीट तो कोपरा भरला. घरभर पुन्हा ओल्या रंगाचा वास पसरला.

"आई, वास आला गं परत," म्हणताना मला रडू फुटलं.

"येऊ दे," आई म्हणाली. "आता घरात आलेत ते."

आणि तिनं विश्वजितच्या हातात किल्ली दिली.