गढूळ पाणी शोधणारी बोट

ती बोट आता आमच्याकडे नाही. तिच्यात माझा जेवणाचा डबा गेला, तोही परत आला नाही. डब्याचं दुःख मी करत नाही.

मुलगी अकरावीत असताना तिच्या शाळेचं युरोपातल्या एका शाळेशी ठरलं. डिसेंबरात त्यांची मुलं तंजावूरला यायची, दोन्हीकडच्या मुलांनी मिळून पाण्याचा अभ्यास करायचा, त्यासाठी एक रोबो बनवायचा आणि मे महिन्यात आमची चार मुलं तो घेऊन त्यांच्या देशात जायची. त्या चारांत आमची होती. हे कळल्यावर मी पहिली चिंता केली ती न्हाणीघराची, कारण पाहुण्यांपैकी एक मुलगी आमच्या घरी उतरणार होती. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरं अरुंद, आणि माझा स्वभाव आधीपासूनच कुरकुरा.

ती मुलगी आली आणि माझी कुरकुर बंद पडली. उंच, पिंगट केसांची, हसरी. दुसऱ्याच दिवशी हाताने दहीभात कालवायला लागली, मला अप्पा म्हणायला लागली. दोघी पोरींनी प्लास्टिकच्या नळ्या आणि माझा स्टीलचा डबा वापरून एक छोटी बोट बनवली. डब्यात बॅटरी आणि बाकीचा संसार. ओरत्तनाडूच्या कचेरीत मी आठवडाभर केळीच्या पानात बांधलेला भात नेला आणि सहकाऱ्यांची थट्टा सोसली.

बोटीला खालून एक दिवा होता. त्याचा उजेड पाण्यातून किती पार होतो त्यावरून पाणी किती गढूळ ते तिला कळायचं, आणि जिकडे जास्त गढूळ तिकडे ती आपणहून वळायची. म्हणजे कुणी चोरून घाण सोडत असेल तर ती जागा सापडावी. पण किती गढूळ म्हणजे गढूळ, हे बोटीला शिकवायला हवं होतं. ते शिकवणं आमच्या मुलीचं काम. तिने पुदु आरूमधून, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या आमच्या कालव्यातून, वंडल आणला. कावेरीच्या गाळाला इथे सगळे वंडल म्हणतात. तो माडीवर, बायको वडाम म्हणजे तांदळाचे सांडगे वाळत घालते तिथे, वाळवला, चाळला, बाटल्यांतल्या पाण्यात कमीजास्त कालवून एकेक बाटली बोटीला दाखवली.

"वडाम घालाच्या जागेंत चिखल वाळत घालतें ही!" बायको ओरडली, आणि स्वतःच चाळण काढून दिली.

कालव्यात बोट सोडली त्या दिवशी ती थोडी घुटमळली, मग सरळ पलीकडच्या काठाशी गेली आणि झुडपाआडच्या एका पाइपाच्या तोंडाशी जाऊन थांबली. पाइपातून काळं पाणी येत होतं. पोरं नाचली. मी या वयात भर रस्त्यावर शिट्टी मारली. मुलीकडे बघून मला वाटलं होतं, हिचं आता भलं होणार.

मग व्हिसाचं आलं. चारही मुलांनी अर्ज केले. तिघांचे व्हिसा आले. ते तिघे आईबापांबरोबर सिंगापूर, दुबई फिरून आलेले. आमच्या घरातलं कोणी कधी विमानात बसलेलं नाही. आमच्या मुलीचा पासपोर्ट कोराच आला आणि सोबत छापील कारण, की ही व्यक्ती मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही.

"बरोबर अहे त्यांचं," मी म्हटलं. "आपले पूर्वज राजाबरोबर महाराष्ट्रांतून इकडं आले ते अजून परत गेले नाहींत. कूळ ठाऊक असेल त्यांना आपलं."

कोणी हसलं नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता. मी मनातल्या मनात त्या लोकांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, आणि त्यांचा उपयोगही काही झाला नाही.

बोट मात्र गेली. बोटीला व्हिसा लागत नाही. मुलीने ती स्वतः जुन्या टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या एका मुलाच्या बॅगेत ठेवली. मुलांबरोबर जाणारे विज्ञानाचे सर निघण्याआधी घरी आले. "तिकडे बोट पाण्यात सोडायच्या कार्यक्रमात बनवणाऱ्यांची नावं वाचतील," ते तिला म्हणाले, "तुझं सगळ्यांत आधी. मी बोलून ठेवलंय." तेवढ्या शब्दावर ती उठली, जेवायला लागली. येईल जाईल त्याला सांगायची, माझं नाव तिकडं वाचणार अहेत म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी तिकडे सकाळ, इकडे आमची जेवणं नुकतीच आटोपलेली. फोन वाजला. आमच्याकडे राहिलेली तीच मुलगी, व्हिडिओवर, रडवेली. बोट हलत नव्हती. नदीकाठी पालक, पाहुणे जमलेले आणि बोट पाण्यात सोडल्यापासून ढिम्म.

"पाणी दाखव," आमची इंग्रजीत म्हणाली.

तिने फोन नदीकडे वळवला. खालचे गोटे स्वच्छ दिसत होते, त्यांच्यावरचं शेवाळसुद्धा. आमची बघतच राहिली.

"अप्पा, मोडलं नाहीं ते," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बोट खरं सांगतें. ह्या पाण्यांत वंडलच नाहीं. कुठं जाईल ती?"

हेच तिने त्यांनाही सांगितलं. मग पडद्यावर सर आले, घामेजलेले. तुझं म्हणणं खरं आहे, म्हणाले, पण लोक खोळंबलेत, बोट चालायला हवी, काहीतरी कर.

आमच्या मुलीने त्या मुलीला लॅपटॉप उघडायला सांगितला. मग प्रोग्रॅममधल्या कुठल्या ओळी पुसायच्या ते सांगू लागली. बोटीला गढूळ पाणी ओळखायला शिकवणाऱ्या त्या ओळी. त्या गेल्या की बोट फोनवरून खेळण्यातल्या मोटारीसारखी चालवता येणार होती. एकेक ओळ ती वाचून घ्यायची आणि म्हणायची, ही पूस. आवाज अजिबात हलला नाही.

माझं डोकं फिरलं. "कशाला सांगतेस? राहूं दे उभी तशी!"

तिने फोनवर तळहात धरला. "उभी राहिली तर मोडकी म्हणतील, अप्पा."



शेवटची ओळ पुसली आणि बोट चालली. तिकडे एकच आरडाओरडा झाला. त्या मुलीने फोन बाकावर ठेवला आणि सगळ्यांबरोबर पाण्याकडे धावली. आम्हाला नुसतं आभाळ दिसत होतं, फिकट, ढग नसलेलं. दूर टाळ्या वाजत होत्या. बायको पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली.

मग माइकवर कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलू लागलं. आमच्या मुलीने आपला फोन उचलून कानाला लावला, आवाज मोठा होता तरी. त्यांच्या मुलांची नावं झाली. मग आपली नावं आली, वेडीवाकडी उच्चारलेली, पण ओळखू येणारी. एक. दोन. तीन. पुन्हा टाळ्या, आणि गाणं सुरू झालं.

"बंद कर तें," मी म्हटलं. तिने केलं नाही.

बऱ्याच वेळाने ती मुलगी धावत परत आली. केस ओले, चेहरा लाल, आनंदाने बोलताही येत नव्हतं तिला. पाहिलंस ना, पाहिलंस ना, एवढंच विचारत होती.

"पाहिलं," आमची मुलगी म्हणाली. मग हसली आणि तिचं अभिनंदन केलं.

त्या मुलीने "थँक यू" म्हटलं.