पनवेलीत हीटर कोन लावतंय?

पनवेलजवळच्या आमच्या रोडपालीच्या गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात: जुने नट-बोल्ट आणि किस्से. नट-बोल्ट भंगारवाला नेतो, किस्से माझ्याकडे राहतात. कारण गाड्या बघतो माझा दीर दामू आणि काउंटरवर बसते मी. त्यातही हीटरचे किस्से भारी! इथल्या घामट हवेत हीटरचं बटण कुणी फिरवतच नाही. फिरवतात ते थेट महाबळेश्वरला.

*

खारघरचं एक जोडपं महाबळेश्वरहूनच तणतणत आलं. "हीटर लावला की गार हवा येते!"

"गाडी चालू केल्यावर किती वेळानं लावला?" दामूनं विचारलं.

"लगेच! थंडी काय थांबते का?" बाई म्हणाल्या.

"मॅडम, इंजिनाचं पानी तापलं की त्याच्यावरून गरम हवा येते. चहाला तरी आधी पानी तापवता ना?"

"चहा मी करतो," नवरा पुटपुटला.

*

नवीन पनवेलचे एक काका तर खुशीतच आले. "माझी गाडी घाटातसुद्धा तापत नाही! फक्त हीटर तेवढा गार हवा फेकतो."

दामूनं बॉनेट उघडलं. इंजिन गरम राखणारा थर्मोस्टॅटच कुणीतरी काढून टाकला होता.

"काका, गाडी तापंल तवा हीटर तापंल ना!"

"मग राहू दे. तापणारं घरात एक आहे, तेवढं पुरे."

मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या.

*

आम्ही असे लोकांना हसत होतो, तोवर सासूबाईंनी बर्फ बघायचा हट्ट धरला. उरणच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर मासळी विकली. "जलमभर मावऱ्यावर बर्फ टाकला. आता वरून पडताना बगायचाय!"

डॉक्टर म्हणाले, जा, पण छातीला गारठा लागता कामा नये. म्हणून आमच्याच गाडीचा हीटर लावून बघितला. गार हवा!

"मीच त्याचा पाईप काढला व्हता, गळत व्हता म्हनून," दामू म्हणाला. "पनवेलीत हीटर कोन लावतंय?"

दिव्याखाली अंधार! पाईप जोडला आणि भर दुपारी काचा बंद करून आम्ही सगळे हीटर तपासत बसलो. घामाच्या धारा लागल्या. सासूबाई खूश. "आता वाटेत खायला सुके बोंबील घेऊ."

"गाडीत बोंबील येनार नाय म्हंजे नाय!" माझा नवरा ओरडला.

सासूबाईंनी इतक्या पटकन मान डोलावली, तिथंच मला कळायला हवं होतं.

*

हिमाचलच्या घाटात, बर्फ थोड्याच अंतरावर असताना, हीटर पुन्हा गार! सासूबाईंनी शाल नाकापर्यंत ओढली आणि खोकायला लागल्या.

"परत फिरू," नवरा म्हणाला. "आयपेक्षा बर्फ मोठा नाय."

सासूबाई काचेकडे तोंड फिरवून बसल्या. मला फार वाईट वाटलं.

दामू खाली उतरला. चढणीच्या हादऱ्यांनी पाईपची क्लिप सैल होऊन पाणी गळलं होतं. त्यानं आखडलेल्या बोटांनी ती आवळली, कूलंट भरलं आणि इंजिन चालू ठेवलं. आम्ही सगळे हीटरच्या जाळीपुढे हात धरून बसलो. हवा कोमट झाली, मग चांगली गरम. खोकला थांबला, गाडी पुढे निघाली. दोन वळणांनंतर बर्फ भुरभुरायला लागला.

गाडी उबेनं भरली आणि सासूबाईंच्या पायाशी असलेल्या पिशवीतून बोंबलांचा वास दरवळला. नवऱ्यानं सावकाश मान वळवली. मी पदर तोंडात कोंबला.

सासूबाई बाहेरच बघत होत्या.

"बगलास? बर्फ कुठला पन असंदे, वास मावऱ्याचाच!"