द्रोणातलं लाल पाणी

एका अकरा वर्षांच्या मुलीला मी मंचावर उभं केलं आणि तिच्या आजोबाला सगळ्यांसमोर लबाड ठरवलं. लबाड हा शब्द माझा होता, पण तो माणूस कोण हे मी तिच्याच तोंडून वदवून घेतलं. तेव्हा तिचा आजा समोरच सतरंजीवर बसला होता. 'तो तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं' असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. बायकोलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. मला ठाऊक होतं.

तेव्हा मी धानोऱ्यापासून बराच आत, जंगलातल्या एका गावच्या शाळेत शिक्षक होतो. दोन खोल्या, तीसेक मुलं. मी सिंदेवाहीकडचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला. मला गोंडी अजिबात येत नव्हती, आणि बाजारात मराठी बोलणारी ती मुलं वर्गात शिरली की गप्प व्हायची. म्हणून मी रंगांपासून सुरुवात केली. रंग नुसता दाखवला तरी चालतो.

पहिल्या दिवशी पांढऱ्या खडूच्या तळाशी काळ्या स्केचपेनची रेघ ओढली आणि खडू वाटीतल्या बोटभर पाण्यात उभा केला. पाणी खडूत चढत गेलं तसा काळा फुटला. निळा वर गेला, जांभळा मागे राहिला, मध्येच गुलाबी. मुलं वाटीवर वाकली होती. एकजण म्हणाला, "गुरुजी, काळ्यामंधी एवढे रंग कोनं लपवून ठेवले?" त्या महिन्यात शाळेतले सगळे खडू संपले.

मग पुठ्ठ्याच्या चकतीवर सात रंग भरून, दोरा ओवून ती गरगरा फिरवली. पुस्तकात लिहिलं होतं, चकती पांढरी दिसेल.

"पांढरा कुठी हाय गुरुजी?" ती मुलगी मागून म्हणाली. "हा तं तुमच्या बनियनवानी हाय."

वर्ग लोळून लोळून हसला. मीही हसलो. तिच्याकडे माझं लक्ष गेलं ते त्या दिवशी. पाचवीत होती. पुढे रोज काहीतरी आणायची. हिरडे आणले, ते रात्रभर भिजवून त्यात गंजका खिळा टाकला, सकाळी पाणी शाईसारखं काळं. पळसाची वाळलेली फुलं आणली, ती उकळून आम्ही कागद केशरी केले. कोणत्या सालीचा रंग धुतल्यावर जातो नि कोणत्या सालीचा जात नाही, हे तिला माहीत होतं. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं की मुलांना नैसर्गिक रंगांची ओळख करून दिली. त्यातली निम्मी ओळख तिने मला करून दिली होती.

एकदा हळदीचे कागद केले. पिवळ्या पट्ट्यांवर साबणाच्या पाण्याने बोट फिरवलं की लाल अक्षर उमटतं. सगळी मुलं ओरडली, ती तेवढी शांत.

"चुन्यानं जास्त लाल होते," ती म्हणाली. "माहा आजा करते."

तिचा आजा त्या गावचा पुजारी. गावात कोणी आजारी पडलं की पानाच्या द्रोणात हळदीचं पाणी घ्यायचं, त्यात चुना पडायचा, पाणी लाल व्हायचं. ते आजाऱ्यावरून ओवाळून गावाच्या शिवेवर टाकायचं. "दुखनं पान्यात येते," तिने सांगितलं आणि पुन्हा आपल्या कागदाकडे वळली. माझ्यावर विश्वास होता म्हणून सांगितलं होतं. द्रोणात चुना कोण टाकतं, हे मी विचारलं नाही. मला त्यात येत्या विज्ञान प्रदर्शनातला पहिला नंबर दिसला होता.

विज्ञान प्रदर्शन धानोऱ्यात होतं. मंच, माइक, पुढे साहेबांच्या खुर्च्या, मागे सतरंज्या. आमच्या गावची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली, कारण मुलं मंचावर जाणार होती. आजा धुतलेलं धोतर नेसून आला होता. हातात नातीसाठी पानाच्या पुड्यात बोरं.

मंचामागचा फलक धानोऱ्यातल्याच एका मुस्लिम पेंटरने रंगवला होता. त्याच्या दुकानात मी चहाला बसायचो, प्रयोगाची सगळी हकिकत त्याला सांगून झाली होती. आमचा नंबर यायच्या आधी तो ब्रश हातात घेऊन माझ्याजवळ आला.

"गुरुजी, वो बुढ्ढा आके बैठा हय सामने. लाल पानी दिखाव, पर बच्ची के मुँह से मत बुलवाव."

"भाऊ, तुम्ही अक्षरं सांभाळा," मी म्हणालो.

तो फलकाकडे परतला.

मंचावर मी काचेच्या पेल्यात हळदीचं पाणी धरलं. तिने चुना टाकला. पाणी लाल झालं, टाळ्या पडल्या. मी पेला तिच्या हातात दिला आणि माइकवर विचारलं, "हे रक्त आहे का?"

"नाई!" सगळी मुलं ओरडली.

"मग असं लाल पाणी दाखवून गावातल्या भोळ्या लोकांना कोण लबाडीनं फसवतं? सांग बेटा, तुझ्या गावात कोण करतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला कोणतं उत्तर हवंय ते ती शोधत होती. प्रश्न विचारला की घाबरायचं नाही, खणखणीत उत्तर द्यायचं, हे वर्षभर मीच तिला शिकवलं होतं.

"माहा आजा," ती खणखणीत म्हणाली.

हशा झाला. पुढचे एक साहेब मांडीवर थाप मारून हसले. तिच्या हातातल्या पेल्यात मी लिंबू पिळलं, पाणी पुन्हा पिवळं झालं. "पाहा, देव आला तसा गेला," असंही मी म्हणालो. हे वाक्य मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "ए पुजारी, आमालेबी पाज ना लाल पानी!" आजा उठला. बोरांचा पुडा सतरंजीवर ठेवला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि माणसांच्या मधून वाट काढत बाहेर गेला. ती मंचावरून पाहत होती. पेला तिच्या हातातच होता.

आम्हाला पहिला नंबर मिळाला.

सोमवारी ती शाळेत आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी मी तिच्या घरी गेलो. आजा अंगणात सालीचा दोर वळत बसला होता. त्याने मला खाट दिली. अंधश्रद्धेवर काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण आधी तोच बोलला.

"गुरुजी, चुना म्या कवाच टाकला नाई. लेकराची मायच टाकते. तिच्या हातावर देतो मी. तिले मालूम हाय चुना हाय म्हनून. गावाले मालूम हाय."

"मग करता कशाला?"

"मंग ते दवाखान्यात जाते," तो म्हणाला आणि दोर वळू लागला.

म्हातारा विषय टाळतोय असं मला वाटलं. ती दाराच्या आड उभी होती. मी तिला शाळेत चल म्हणालो.

"आजा म्हनते जा. मी नाई येत."

"काऊन?"

"तुमी इचारता. मंग सांगा लागते."

आजाच्या बोलण्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला, तोही उपकेंद्रातल्या नर्सकडून. त्या गावची रीत अशी की लाल पाणी शिवेवर पडल्याशिवाय आजारी माणसाला शिवेबाहेर नेत नाहीत. तसं नेलं तर दुखणं नेणाऱ्यांच्या मागे लागतं, असं मानतात. हा म्हातारा ते पाणी घटकाभरात उरकायचा आणि स्वतः शिवेपर्यंत चालत येऊन माणसांना दवाखान्याच्या वाटेला लावायचा. सिस्टर रागावून सांगत होत्या.

"आता पोरं त्याला पेला दाखवून चिडवतात. त्यानं करणंच सोडलं. लोक दुसऱ्या गावच्या पुजाऱ्याची वाट पाहत बसतात, दोन-दोन दिवस. परवा तापानं फणफणलेलं लेकरू तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आलं. नशीब म्हणून वाचलं. गुरुजी, त्या गावात माझा एकच माणूस होता. तो तुम्ही घालवला."

सिस्टरला मी म्हणालो, तो समोर बसलाय हे मला माहीत नव्हतं. ते खोटं पहिल्यांदा तिथे बोललो.

ती मुलगी परत आली नाही. मी आणखी दोनदा गेलो, मग जायचं सोडलं. शाळा सोडलेलं मूल दाखवलं की शिक्षकाला उत्तर द्यावं लागतं, म्हणून वर्षाच्या शेवटी हजेरीपटात तिच्या नावापुढे मी 'स्थलांतरित' लिहिलं. शाळेच्या व्हरांड्यातून तिचं घर दिसायचं. मधल्या सुट्टीत ती शेण भरताना, पाणी आणताना दिसायची. मी व्हरांड्यात उभं राहणं बंद केलं.

पुढे माझी बदली राजुऱ्याकडे, कोळशाच्या खाणींच्या भागात झाली. तिथेही मी मुलांना रंग शिकवले. हळद-चुन्याचा प्रयोग तर बारा-तेरा वर्षं केला. 'एका गावात एक पुजारी होता' अशी सुरुवात करायचो आणि दर वेळी टाळ्या पडायच्या. मुलगी, बोरं, शीव हे सगळं मी गोष्टीतून गाळलं होतं. मग एका वर्षी टाळ्या चालू असतानाच एका मुलाने हात वर केला. "सर, त्या पुजाऱ्याला हे कोणी शिकवलं?" मी पुस्तकातून शिकलो होतो. हळदीत चुना पडला की लाल होतं, हे त्या म्हाताऱ्याला माझ्या पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं आणि त्याने ते कधी लपवलंही नव्हतं. त्यानंतर तो प्रयोग माझ्याच्याने झाला नाही.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी धानोऱ्याला जावं लागलं. बाजाराचा दिवस होता. एक बाई पोतं अंथरून हिरडे विकत बसली होती, शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी. मी पुढे निघून गेलो असतो, तिनेच हाक मारली.

"गुरुजी! बुढे झाले तुमी."

मी खाली बसलो. आजाचं विचारलं.

"गेला. दोन पावसाळे झाले."

हिरडा हातात घेऊन पाहत राहिलो.

"पाहून काय राह्यले? काळी शाई करता काय अजून?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या दिवशी मी तुला..."

"इथी काऊन सांगता?" तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला हिरडे मोजून दिले. "इथी कोन हाय? तिथी तं माइक होता."

मी हिरडा पुन्हा पोत्यावर ठेवला.

"लिंबू पिळा ना गुरुजी. तुमचं पानी तं लगेच पिवळं होते."

शेजारची बाजारवाली हसली, तिला काही कळलं नसावं. ती मात्र हसत नव्हती. हिरड्यांचा ढीग सारखा करत म्हणाली, "माही पोरगी पहिलीत हाय. त्याच शाळेत. सांगाचं असन तं तिथी या. गावाले मी बोलवतो."

मी लगेच गेलो नाही. आधी परीक्षा आडवी आली, मग ताप आला, मग पुतण्याचं लग्न. ही कारणं होती आणि मी ती आवडीने धरून ठेवली. शेवटी सव्वीस जानेवारीला गेलो. झेंडावंदन झालं, आताच्या तरुण गुरुजींनी मला बोलायला जागा दिली. गावातली साठेक माणसं मैदानात बसली होती. पहिल्या ओळीत तिची मुलगी, मागे ती.

पेला मी नेला नव्हता. गावातूनच पळसाच्या पानांचा द्रोण मागून घेतला, त्यात हळदीचं पाणी केलं आणि चुन्याची डबी तिच्यापुढे धरली. तिने चुना आधी स्वतःच्या तळहातावर घेतला, माणसांना दाखवला, मग पाण्यात सोडला. पाणी लाल झालं. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी मान हलवत राहिली.

बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना माझी मराठी कळणार नव्हती. गोंडीत सांगायला ती उठू लागली तेव्हा मी म्हणालो, "बाई, तुम्ही नका." अंगणवाडीच्या ताई पुढे आल्या. त्या मला प्रत्येक वाक्याला थांबवत आणि ते गोंडीत सांगत. शाळेत मी कधी वापरत नसे ती माझ्या घरची बोली त्या दिवशी आपोआप आली. मी म्हणालो:

"तुमच्या पुजाऱ्याले म्या लबाड म्हनलं. तो लबाड नव्हता. चुना त्यानं कवाच लपवला नाई, तुमाले सगळ्यायले मालूम होतं, मले नव्हतं. तो समोर बसून हाय हे म्या पाह्यलं होतं, तरी या बाईच्या तोंडून बोलवलं. बाई गाव सोडून गेली असं म्या शाळेच्या कागदावर लिवलं. थे इथीच होती. तिची शाळा म्या तोडली. बाई, मी चुकलो. मले माफ करा."