पिवळ्या खडूतलं जगाचं राजकारण

आमच्या गावात जगाच्या बातम्या सकाळी सहाला दुधाबरोबर पोचतात. दूध डेअरीच्या भिंतीला एक काळा फळा आहे. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं आपल्या दुधाची फॅट निघेपर्यंत तो वाचतात. वर वार आणि तिथी, मग पांढऱ्या खडूत चार बातम्या, आणि सगळ्यात खाली पिवळ्या खडूत सुविचार. सुविचारापुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे तो ज्या थोर माणसाचा असेल त्याचं नाव. मला कळतं तेव्हापासून हा फळा आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी लिहीत आले आहेत.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. डॉक्टरांनी महिनाभर धूळ आणि खडू दोन्ही वर्ज्य सांगितलं. गुरुजींनी खडूचा डबा आमच्याकडे पाठवून दिला, माझ्यासाठी, कारण माझं अक्षर सुंदर आहे. त्यात कौतुकाचं काही नाही. संगमनेरच्या इंग्रजी शाळेत सगळं शिक्षण झाल्यामुळे मी मराठी लिहीत नाही, काढते. रांगोळीसारखं. वेळ लागतो, पण दिसतं छान.

बातम्यांची अडचण नव्हती. बँकेच्या परीक्षेसाठी मी रोज जग वाचतच होते. कोणी कोणावर आयात कर लावला, समुद्रातली कुठली वाट अडली, कुठल्या कंपनीने कुठलं यंत्र आणलं. परीक्षेत त्यावर चार पर्याय येतात. पाचवा पर्याय, म्हणजे मला काय वाटतं, हा कधीच येत नाही. आणि मला खूप काही वाटायचं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा, गावात तोंडून इंग्रजी शब्द सुटला की ‘काय मॅडम’, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची मला सवय लागली होती. सगळं आत साठत गेलं.

पहाटे साडेपाचला, कोणी यायच्या आत, फळा लिहून मी घरी परतायचे. पहिले सहा दिवस गुरुजींच्या वहीतले सुविचार उतरवले. सहाच्या सहा कष्टाबद्दल होते. सातव्या दिवशी वर आयात कराची बातमी होती, आणि हातात पिवळा खडू घेतल्यावर मला आपोआपच हसू यायला लागलं. मी लिहिलं: आयात कर लावणं म्हणजे शेजारणीवर रुसून आपलाच चहा बिनसाखरेचा पिणं. पुढे रेघ काढली. रेघेपुढची जागा तशीच सोडली आणि खडूचा डबा छातीशी धरून घरापर्यंत पळत आले.

आई दूध घालून परतली तीच हसत. रांगेत दोन तट पडले होते म्हणे. एका बाजूचं म्हणणं, हे संतवचन आहे. दुसरी बाजू विचारत होती की संतांच्या वेळी चहा कुठला. शेवटी डेअरीच्या सचिवांनी निकाल दिला की हा धडा त्यांना सातवीला होता. आईला लेखिका कोण ते ठाऊक होतं. तिची तक्रार वेगळीच होती. “बिनसाखरेचा चहा मीच पेले हुते ना गं? गावभर केलंस.”

त्यानंतर मी थांबतेय कसली. अब्जाधीश लोक रॉकेटमधून अवकाशात जाऊन आल्याचं वाचलं, त्या दिवशी लिहिलं: दहा मिनिटं वर जाऊन खाली येण्याचं काम जत्रेतला पाळणाही करतो, शिवाय त्यातून आपलं घर दिसतं. युद्धाच्या बातमीखाली लिहिलं: युद्ध सुरू करणाऱ्यांना घरून ‘जेवायला कधी येताय’ असा फोन येत नसावा. आई सांगत होती, हे वाचून बायका बराच वेळ फळ्यापुढून हलल्याच नाहीत.

पण खरी मजा झाली शाळेत. फळ्यावरचा सुविचार मुलांनी उतरवून न्यायचा आणि परिपाठात सगळ्यांनी मिळून म्हणायचा, हा आमच्या जिल्हा परिषद शाळेचा जुना रिवाज. हे माझ्या लक्षातच नव्हतं. एका सकाळी मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते, तेवढ्यात शाळेच्या पटांगणातून चाळीस-एक पोरांचा सूर आला: ज्या यंत्राला ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येत नाही, त्याला हुशार म्हणायची घाई करू नये. प्रश्नांची उत्तरं ठोकून देणाऱ्या नव्या यंत्रांबद्दलचं माझं मत, प्रार्थनेच्या चालीत. मी ओल्या चादरीमागे खाली बसले आणि उचकी लागेपर्यंत हसले.

मग व्हायचं ते झालं. पाढा विचारला की चौथीचा वर्ग छाती पुढे काढून सांगायला लागला, “मला माहीत नाही.” शाळेच्या मोठ्या बाई गुरुजींच्या घरी गेल्या. आधी त्यांनी सुविचारांची स्तुती केली, मग चौथीची तक्रार, आणि मग म्हणाल्या, तपासणीला साहेब येणार आहेत, मुलं हेच म्हणून दाखवतील, तर हे थोर विचारवंत कोण ते सांगा. गुरुजी ऑपरेशनपासून फळ्यापर्यंत गेलेच नव्हते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ते काळा चष्मा लावून आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी दाराच्या आत. ते म्हणाले, रस्त्याने जाणारी माणसं मला हात जोडतायत. ऑपरेशननंतर गुरुजींना लांबचं दिसायला लागलं, असं बोलतायत. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत.

“जन्मभर मी दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्याच्याच नावानं लिहिलं, बाळ. हे माझ्या नावावर नको. मतं वाईट नाहीत, पण ती तुझी आहेत. उद्या रेघेपुढे नाव घाल. तेवढं जमत नसेल तर कष्टाचं लिही.”

ते गेल्यावर मी खडूचा डबा पुढ्यात घेऊन बसले. नाव नव्हतं तोवर ते वाक्य हवेतलं होतं. नाव घातलं की माझ्या डोक्यात काय चालतं ते सगळ्या रांगेला कळणार. आणि नाही घातलं, तर पिवळी ओळ गेली. इतक्या दिवसांत मला तिची चटक लागली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी कांद्याच्या निर्यातबंदीची होती. मी लिहिलं: कांद्याला परदेशी जायला बंदी, पोरांना जायला पेढे. रेघ काढली आणि तशीच उभी राहिले. उजाडलं. किटल्यांचे आवाज जवळ यायला लागले. डेअरीचं शटर वर गेलं. मग मी नाव लिहिलं, हॉलतिकिटावर असतं तसं पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि मागे वळले. मागे सचिव उभे होते. तेव्हा मला आठवलं की सचिवांचा मुलगा दिवाळीनंतर जर्मनीला गेलाय आणि त्याचे पेढे सचिवांनी घरोघरी स्वतः वाटलेत.

त्यांनी सावकाश वाचलं. नावासकट.

“पेढे तू बी खाल्ले हुते.”

“दोन खाल्ले, काका.”

रांगेत कोणीतरी खोकलं.

“कांदा अडला की सडतो, म्हनून आपन बोंबलतो. पोरगं हितंच सडलं आस्तं, तर कुनी बोंबललं आस्तं का? सांग की.”

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. एवढं जग वाचलेलं, पण एकही पर्याय बरोबर वाटेना. त्यांचं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. आणि अख्ख्या गावासमोर माझ्या तोंडून निघालं, “मला माहीत नाही.”

मग रांगेतून एक आजी म्हणाल्या, “हिला आता हुशार म्हनायला हरकत न्हाई.”

जो हशा पिकला तो थांबेचना. सचिव तर किटली खाली ठेवून हसले. हसणं संपलं तेव्हा भांडण सुरू झालं. कांदा, जर्मनी, आयात कर, रॉकेट, मागचं सगळं बाहेर आलं. कोणी म्हणे चहाचं चुकलं, कोणी म्हणे पाळण्याचं तर साफ चुकलं. थोर माणसांशी इतकी वर्षं कोणी एका शब्दाने भांडलं नव्हतं. माझ्याशी सगळ्यांना भांडता येत होतं. माझे कान तापले होते आणि घरी जायची मुळीच इच्छा नव्हती. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला थांबवलं.

दुसऱ्या पहाटे मी पोचले तर सचिव माझ्या आधी हजर. ओल्या फडक्याने फळा पुसत होते. मी पिवळ्या खडूने त्यांचंच वाक्य लिहिलं: कांदा सडतो म्हणून बोंबलता, पोरगं सडलं असतं तर कोण बोंबललं असतं? रेघ काढली आणि त्यांना विचारून नाव घातलं. त्यांनी ते जवळून वाचलं, रस्त्यावर जाऊन वाचलं, मग शटरच्या आतून दिसतं का तेही बघितलं.

दहा वाजता मी गच्चीवर होते. पोरांनी तो प्रश्न एका सुरात विचारला आणि शेवटी सचिवांचं नाव घेतलं. मोठ्या बाईंनी हौसेने विचारलं, मग सांगा बरं, कोण बोंबललं असतं?

चौथीकडून उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं. मी चादर बाजूला केली आणि उभी राहून ऐकलं.