अकरा पायऱ्यांच्या वर

आमच्या थोरल्या साडूंइतका घाबरट माणूस मराठवाड्यात दुसरा निघाला, तर मी माझी पदवी परत करीन; आणि ती आमच्या भावकीतली पहिली पदवी आहे, म्हणजे हे मी उगाच बोलत नाही. भूकंपात त्यांचं गाव गेलं, तेव्हापासून हा माणूस पक्क्या छताखाली म्हणून बसला नाही. लातूरला त्यांनी गणिताचा क्लास काढला तोसुद्धा निंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात पोरं आत भाजून निघायची आणि पालकांची समजूत अशी झाली, की पोरं बोर्डात येतात ती त्या पत्र्यामुळेच. मग स्लॅबवाल्या दोन क्लासांनीही आपापल्या गच्चीवर पत्रे ठोकले. साडूंना त्याचं हसू यायचं नाही. ते गंभीरपणे विचारायचे, "पण पत्र्याच्या खाली काय हाय? स्लॅबच ना?"

मी नांदेडला पगारातून घर बांधलं. पदवी पहिली माझी, तसा भावकीत स्लॅबही पहिला माझाच. वास्तुशांतीला पाऊणशे माणसं आत जेवत होती आणि हे गृहस्थ रस्त्यावर, माझ्या स्कूटरच्या सीटवर ताट ठेवून उभ्याने जेवले. पाव्हण्यांशी बोलणं बंद आहे का, असं लोकांनी मला विचारलं. मी ते अजून विसरलेलो नाही. मुक्कामाला आले की अंगणात खाट, उशाशी पालथ्या तांब्यावर पालथा पेला. जमीन हलली की पेला पडणार आणि हे उठणार. तो पेला मांजरानं चारदा पाडला. चारही वेळा त्यांनी दार बडवून आधी आम्हाला रस्त्यावर काढलं आणि मग मांजर पाहिलं. खिशात भर दुपारीही बॅटरी. सूर्य असताना बॅटरी कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "असू द्या, सायेब."

हे सगळं मी सोसलं ते त्यांच्या हातासाठी. पखवाजावर तसा हात मी दुसरा ऐकला नाही. आम्ही आठ नोकरदार ऑफिस सुटल्यावर देवळात भजनाला बसायचो. पुढे देवळाच्या तिन्ही बाजूंनी क्लास आणि होस्टेलं उठली, आमच्या टाळांनी भावी डॉक्टरांच्या अभ्यासात व्यत्यय येऊ लागला आणि आम्हाला उठवलं. देवळातून भजन उठवतात, ही काय रीत झाली? शेवटी एका कापडवाल्यानं दुकानाखालचं तळघर दिलं. अकरा पायऱ्या. आमचा पखवाजवाला बदलून गेला, तेव्हा सगळी भिस्त साडूंवर आली. दर रविवारी ते नांदेडलाही पत्र्याखालीच गणित शिकवायला यायचे. आम्ही खाली उतरायचो आणि हे वर माझ्या स्कूटरवर बसायचे. "इथूनच धरतो की," म्हणायचे आणि सीटवर ठेका धरायचे. आम्हाला काय ऐकू येणार, डोंबल! तेरा वर्षं हेच. एकेक माणूस गळायला लागला. पखवाजाशिवाय मंडळ मोडणार, हे मी त्यांना हात जोडून सांगितलं. हे पायरीला पाय लावायला तयार नाहीत.

आणि हा माणूस जर्मनीला पोरीच्या लाकडी घरात दोन महिने राहून आला आणि माझ्याच अंगणात, माझाच चहा पीत सांगू लागला. पोरगी कामावर गेली की करमायचं नाही, म्हणून फिरायला गेले, तर एका बंद गिरणीजवळ जमिनीतून ठेका ऐकू आला. ना पाटी, ना तिकीट. सरकारला पत्ता नाही. लोखंडी दार ढकलून हे खाली गेले. रंगवलेल्या केसांची पोरंपोरी ढोल, तारा, डबे, मिळेल ते वाजवत होती. यांनी एक प्लॅस्टिकची बादली पालथी घातली आणि बसले. मग काय, दर शनिवारी पोरं दारात यांना न्यायला हजर. "सायेब, अस्सल वाजवणारी माणसं जमिनीखालीच असत्यात बघा," म्हणाले.

"पायऱ्या किती होत्या?" मी विचारलं.

"एकवीस."

माझं डोकंच फिरलं. आमच्या अकरा जड झाल्या आणि परक्यांच्या एकवीस उतरलात, आम्हाला काय त्या होस्टेलवाल्यांसारखा तुमचा पखवाज नको होता का, असं बरंच बोललो. बायको आतून बाहेर आली.

साडू कप खाली ठेवून म्हणाले, "तिथं खाली माझं कोण होतं? छत आलं असतं तर मी गेलो असतो, विषय संपला. तुमचं तसं न्हाई. आमच्या गावात त्या पहाटे मी पारावर झोपलो होतो, म्हणून चौघांना तरी उकरून काढलं. तुम्ही समदे खाली बसता. वर कुणीतरी नगं का?"

म्हणजे तेरा वर्षं हा माणूस आमची राखण करत राहिला होता आणि आम्हाला कळूही दिलं नव्हतं. याचाही मला संतापच आला.

पुढच्या रविवारी मंडळी उतरली आणि मी स्कूटरवर बसून राहिलो. म्हणालो, "दाजी, आज वर मी आहे. माझा टाळ तसाही चुकतो." त्यांनी खिशातली बॅटरी काढून माझ्या हातात दिली, लागते का ते बघायला लावलं, आणि पायऱ्या मोजत खाली गेले.

अकरा पायऱ्यांच्या वर पखवाज अर्धाच ऐकू येतो. डाव्या हाताचा घुमारा तेवढा पोचतो, उजवा खालीच राहतो. एवढ्यावर हा माणूस तेरा वर्षं ठेका धरत होता. मीही सीटवर हात ठेवून पाहिला. मग उचलला आणि बॅटरी नीट धरली.