अकरा घोटांचा कप

वहिनींचा केटरिंगचा धंदा सुरू झाला तो दादाच्या डब्यातून, आणि बुडायला निघाला होता तोही दादामुळेच. मधल्या काळात सगळा त्रास मला झाला. ही गोष्ट घरात कोणी काढत नाही, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो ऑफिसला डबा न्यायचा आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून त्यात रोज हात मारायचा. एका संध्याकाळी दादा वहिनींना म्हणाला, "उद्यापासून दोन डबे दे." बस, एवढंच. दादा मुळातच मोजकं बोलतो. जेवण कसं झालं असं विचारलं, तर रिकाम्या ताटाकडे बोट दाखवतो.

दोनाचे चार झाले, चाराचे चौदा. मग कोणाच्या मुलीचा वाढदिवस, मग वकिलाच्या ऑफिसातलं जेवण. वर्षभरात कांद्याची पोती माझ्या पलंगाखाली आली. मी शाळेत गणित शिकवतो. माझ्याकडून तपासून आलेल्या पेपरांना लसणाचा वास येतो, अशी तक्रार थेट मुख्याध्यापिकांकडे गेली. मी तणतणत घरी आलो आणि वहिनींना सांगितलं.

"मग बरंच आहे की भाऊजी," वहिनी रस्सा ढवळत म्हणाल्या, "निदान पेपर बघून कोणाला तरी भूक लागेल."

असं बोलणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? मी हात टेकले आणि स्कूटरवरून डबे पोचवायला लागलो.

आता कपाचं सांगतो. वहिनींच्या स्वयंपाकघरात वजनकाटा नव्हता. होता एक कप. पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला, आतल्या बाजूला देठासकट एक निळं फूल. दादा सोळा वर्षं त्यातूनच सकाळचा चहा प्यायचा. कान तुटला तेव्हा त्याला नवा कप मिळाला आणि हा वहिनींनी मापाला घेतला. त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं: सात कप तांदूळ, देठापर्यंत तेल, पाकळीपर्यंत साखर. परक्या माणसाने ती वही वाचली असती तर त्याला बागकामाचं पुस्तक वाटलं असतं.

अशात चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरबाईंचा निरोप आला. गुरुवारी एकशे वीस माणसांचं जेवण द्या, सगळ्यांना आवडलं तर रोजचं काम तुमचं. वहिनी तोवर एका कपड्यांच्या दुकानात बिलं करायची नोकरी सांभाळून हे सगळं करत होत्या. नऊ वर्षांची नोकरी. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि आमच्या इमारतीखालचा रिकामा गाळा भाड्याने घ्यायचं मनात पक्कं केलं. गुरुवार फसला, तर गाळा गेला आणि तोंड पाडून परत त्याच काउंटरवर उभं राहायचं. बोलताना त्या हसत होत्या, पण आठवडाभर रात्री उठून वही चाळत होत्या. मला दिसत होतं.

बुधवारी मला सुट्टी होती. सकाळी दहाला स्वयंपाकघरातून हाक आली, "भाऊजी! कप कुठंय?" घरात काहीही हरवलं की पहिला संशय माझ्यावर, हा जुनाच नियम आहे.

कप नव्हता. कपाच्या जागी चकचकीत स्टीलच्या मापांचा संच होता, लहानमोठी पाच मापं, दांड्यावर आकडे कोरलेले. वर दादाच्या अक्षरात चिठ्ठी: "धंद्याला वर्ष झालं. आता नीट मापं वापर. फुटका टाकला."

कचऱ्याची गाडी नऊलाच येऊन गेली होती.

वहिनी खुर्चीवर बसल्या. मी गणिताचा मास्तर, मला राहवेना. "वहिनी, यात घाबरण्यासारखं काय आहे? कुठलंही माप घ्या. सगळंच त्या मापाने घेतलं की प्रमाण तेच राहतं."

"आणि मीठ?" वहिनी म्हणाल्या. "मीठ मी मुठीने घालते. मसाला चिमटीने. कप बदलला म्हणून आता हात बदलू?"

वर्गात मला इतकं चोख उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दादाला फोन गेला. फोनवर वहिनी एक शब्द ओरडल्या नाहीत, त्यामुळे दादाची पाचावर धारण बसली असणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो तासाभरात दारात हजर. मला वाटलं, माफी मागेल. त्याने बूट काढले, मोठं पातेलं उचललं आणि त्यात चहा ठेवला.

"चहा सुचतोय तुम्हाला?" वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अकरा घोट," दादा म्हणाला.

"काय?"

"त्या कपात अकरा घोट बसायचे. सात बसून, चार बूट घालताना."

मी म्हटलं, मग पाणी पिऊन मोज, चहा कशाला? त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी जणू त्रिकोणाला चार बाजू सांगितल्या. "पाण्याचा घोट मोठा होतो."

मग आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते मी शाळेत कोणाला सांगितलेलं नाही. दादा स्टुलावर बसला. वहिनींनी सगळ्यात मोठं माप भरून गरम चहा दिला. सात घोट बसून, मग उजवा बूट, मग डावा. नऊ घोटांतच माप संपलं. मग मोठं अधिक मधलं: तेरा. पुन्हा बूट काढले. मोठं अधिक लहान: दहा आणि तळाशी नुसतं ओलं. चौथ्या चहाला मोठं, लहान आणि वर दोन चमचे, अशी भर घातली. दादा डाव्या बुटाची नाडी बांधून उठला आणि म्हणाला, "अकरा."

वहिनींनी तेवढं पाणी काचेच्या एका सरळ ग्लासात ओतून लाल नेलपॉलिशने रेघ मारली. "पण देठ? पाकळी?"

"देठ दिसायला लागला की चार घोट राहायचे. तिथे मी उठायचो. पाकळी पहिल्या दोन घोटांनंतर."

आणखी दोन रेघा झाल्या. वहिनींनी ग्लास पुसून कपाच्या जागी ठेवला. मग म्हणाल्या, "अहो, सोळा वर्षं रोज घोट मोजत होतात?"

"मग काय करणार," दादा बुटांकडे बघत म्हणाला. "तू समोर बसून बोलत असायचीस. अकरावा झाला की निघावं लागायचं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "कांदे चिरायला घ्या, भाऊजी. उभे काय?" मलाही कांदेच हवे होते. डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण लागतं.

गुरुवारी एकशे वीस माणसं जेवली. भात मोकळा झाला, गाजराचा केक तर दहा मिनिटांत संपला. रश्शात मीठ जरा चढलं होतं, पण तो दोष मुठीचा, ग्लासाचा नव्हे. मॅनेजरबाईंनी रस्सा दोनदा घेतला, वर पाणीही दोनदा प्यायल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या. मीठ थोडं कमी."

आता गाळ्यात चार बायका कामाला आहेत. "तेल चार घोट," असं एकमेकींना ओरडून सांगतात आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटत नाही. कांदे तिकडे गेले, माझा पलंग मला परत मिळाला. स्टीलच्या मापांनी वहिनी डाळींच्या डब्यांवरची झाकणं उघडतात.

सकाळी गाळ्यात जाण्याआधी त्या दादाला चहा देतात, त्याच ग्लासाने मोजून, वरच्या रेघेपर्यंत. आणि समोर बसून बोलतात. परवा पेपर तपासता तपासता मी सहज मोजले. दादाचे सतरा घोट झाले.

चहा तेवढाच होता.