घोटशास्त्रींचं नाक

घोटशास्त्री हे नाव त्यांना गल्लीने दिलं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. आपली टिंगल चाललीय हे कळायला माणसाला अधूनमधून स्वतःकडे बाहेरून बघावं लागतं. ती सवय त्यांना नव्हती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत, लोकांचे दावे नामंजूर करायच्या टेबलावर काढली होती. नोकरी सुटली तरी नाही म्हणायचा हात सुटला नाही. मग घराच्या पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी स्कूटर उभी असायची तिथे, त्यांनी कॉफी भाजायचं दुकान थाटलं.

दुकानात यंत्र एकच. आडवं पिंप, खाली गॅसची शेगडी, आत डोकावायला बशीएवढी काच. हिरवट बिया आत पडायच्या, गरगर फिरत पिवळ्या व्हायच्या, मग तांबूस, मग तडतडायला लागायच्या. बाहेर नेमक्या कधी काढायच्या, यातच सगळी मेख. यंत्राला तापमापक होता, पण शास्त्रींनी त्याच्यावर रुमाल टाकून ठेवला होता. "तापमापक कुणाला लागतो?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "ज्याला नाक नाही त्याला."

पहिली तडतड सुरू झाली रे झाली की ते डोळे मिटून धुरात नाक घालायचे आणि बिया फिक्या तपकिरी असतानाच बाहेर ओतायचे. त्या कॉफीत त्यांना जर्दाळू लागायचा, ओलं लाकूड लागायचं, आणि घोट उतरल्यावर संत्र्याची साल. गिऱ्हाइकाला लागायचं लिंबू पिळलेलं कोमट पाणी. तसं कुणी म्हणालं की शास्त्री दयाळूपणे हसायचे. भिंतीवर पाटी होती : 'साखर मागू नये. मागितल्यास कारण सांगण्यात येईल.' ते कारण एकदा ऐकलेला माणूस पुन्हा साखर मागत नसे. पुन्हा येतही नसे.

येणाऱ्यांत नेमाने दोघंच. एक मेहुणा. त्याला दिवसभर दुसरा उद्योग नव्हता आणि कॉफी फुकट होती. पहिला घोट तोंडात धरून तो छताकडे बघायचा, कारण शास्त्रींचा तसा दंडक होता, आणि मग म्हणायचा, "वा भावोजी! जर्दाळू अगदी जिभेवर येऊन बसला!" जर्दाळू त्याने जन्मात खाल्ला नव्हता. दुसरी शेजारची शिंपीणबाई. भाजताना बियांची फोलपटं उडायची ती थेट तिच्या मशिनवर, आणि तिच्या गिऱ्हाइकांची कापडं कॉफीच्या धुरात नाहून निघायची. त्याची भरपाई म्हणून ती रोज एक कप हक्काने प्यायची. तिच्या बटणांच्या डबीत बटणं नसून साखर असते, हे शास्त्रींखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि घरात बायको. ती शाळेत गणित शिकवायची आणि चहा प्यायची. याबद्दल शास्त्रींनी तिला कधी माफ केलं नाही. जेवतानाही त्यांचं नाक ताटाच्या वर घिरट्या घालत असायचं. "कांदा घाईत परतलायस." "भात शेवटी खाली लागत होता, हो ना?" तिच्या प्रत्येक स्वयंपाकाचा दावा तिथल्या तिथे नामंजूर व्हायचा.

मग एकदा शास्त्रींना सर्दी झाली. साधीच. वाफारे, काढे, तक्रारी असं सगळं यथासांग पार पडून ती गेली, पण जाताना वास घेऊन गेली. सकाळी त्यांनी कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं, तर काही नाही. साबण हुंगला, काही नाही. शेवटी चपलेपर्यंत मजल गेली, तिथेही शुकशुकाट. कॉफी तोंडात धरली तर नुसतं गरम, ओलं आणि जरासं कडू.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी, ते मात्र सांगता यायचं नाही."

दुसरा कुणी असता तर घरी येऊन बायकोपाशी बोलला असता. पण ज्या माणसाने सगळ्या गल्लीला नाकावरून हिणवलं, त्याने कुठल्या तोंडाने सांगावं? शास्त्रींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. यंत्रावरचा रुमाल उचलायचीही सोय नव्हती, कारण मेहुणा समोरच बसलेला. नाइलाजाने ते पूर्वीसारखेच धुरात नाक घालून उभे राहिले. धूर होता, वास नव्हता. बिया कच्च्या राहिल्या तर अब्रू जाईल, या धास्तीने त्यांनी थोडं थांबायचं ठरवलं. मग आणखी थोडं. दुसऱ्यांदा तडतड झाली, खोलीत माणूस दिसेना, तेव्हा कुठे त्यांनी झडप उघडली. बाहेर पडलेल्या बिया कोळशासारख्या काळ्या आणि तेलाने तुकतुकीत होत्या.

मेहुण्याने घोट घेतला. छताकडे बघायचं विसरला.

"भावोजी," तो म्हणाला, "ही कॉफी लागतेय हो!"

शिंपीणबाईंनी कप रिकामा करून दुसरा मागितला. त्यांना भेटायला आलेल्या गिऱ्हाइकाने पुडा बांधून नेला. आठवडाभरात समोरच्या बँकेतली माणसं यायला लागली, मग कोपऱ्यावरचा खानावळवाला, मग त्याची गिऱ्हाइकं. कुणीतरी साखर मागितली. कारण सांगायला शास्त्रींनी तोंड उघडलं, पण चवच कळत नसताना चवीवर भाषण काय ठोकणार? त्यांनी गुपचूप साखरेचं भांडं पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुधाचंही.

गर्दी वाढली तसा शास्त्रींना कंठ फुटला. ते लोकांना सांगू लागले, की ही 'पूर्ण भाजणी', तिच्यात आधी धूर, मग जुनं शिसवी लाकूड आणि शेवटी काकवीचा गोडवा. हे सगळं ते बसल्या जागी रचत होते. मेहुणा मान डोलवायचा, "काकवी अगदी जिभेवर येऊन बसली, भावोजी!" आणि गंमत अशी, की हळूहळू शास्त्रींचाच त्यावर विश्वास बसला. आपण धाडस केलं, जुनी वाट सोडली, असं त्यांना वाटू लागलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते आपलाच तळहात हुंगून बघत, आणि मुकाट्याने कुशीवर वळत.

वास परत आला तो मेहुण्याच्या डोक्यातून. सकाळी तो नेहमीप्रमाणे समोर येऊन बसला आणि शास्त्रींना त्याच्या केसांच्या तेलाचा वास आला. असलं भिकार तेल त्यांना त्या क्षणी अत्तरासारखं वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. मेहुण्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी खोल श्वास घेतला. मेहुणा घाबरला.

आणि लगेच शास्त्री ताडकन उठले. "काहीतरी जळतंय!"

त्यांनी शेगडी बघितली, वायरी बघितल्या, रस्त्यावर जाऊन आले. टायर जळतोय म्हणावं तर टायर कुठे दिसेना. धावत शेजारी गेले. "बाई, तुमची इस्त्री चालू राहिलीय! कापड करपतंय!"

शिंपीणबाईंनी मशिन थांबवलं. "इस्त्री आज लावलेलीच नाही. वास तुमचाच आहे की, शास्त्रीबुवा. रोजचाच."

ते परत आले. पुड्यांनी भरलेल्या फळीपाशी उभे राहिले. एक पुडा फोडून हुंगला आणि तो जमिनीवर ठेवून दिला, मेलेला उंदीर ठेवावा तसा.

दुपारी बायको शाळेतून आली तर दुकान बंद, आणि नवरा यंत्राकडे पाठ करून बसलेला. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकताना पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी दूध उतू जाऊन जळलं, भांडं काळं पडलं, आणि तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस? अगं, मी लोकांना कोळसा पाजत होतो!"

"लोक आनंदाने पीत होते." तिला चष्म्याचं घर सापडलं. "आणि अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी सलग इतके दिवस कुणाचं भाषण न ऐकता जेवले. मी कशाला बोलू?"

शास्त्रींनी जमिनीवरचा पुडा उचलून पुन्हा फळीवर ठेवला.

तरी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. रविवारी गिऱ्हाइकांना बोलावलं, मांडणीवर दोन किटल्या ठेवल्या. एकीत पूर्वीसारखी फिकी कॉफी, जीव ओतून भाजलेली. दुसरीत कोळसा. कुठली कुठली ते सांगितलं नाही. लोकांनी पहिलीचा घोट घेतला आणि तोंडं अशी केली की बँकेतल्या एकाने विचारलं, "किटली नीट धुतली होती ना?" दुसरी किटली बघता बघता रिकामी झाली. मेहुणा कप घेऊन उभा होता. शास्त्रींनी त्याच्याकडे आशेने बघितलं. इतकी वर्षं जर्दाळू याच जिभेवर बसत होता.

"भावोजी, रागावू नका," तो हळूच म्हणाला, "पण ती पहिली फेकून द्या. कुणी आजारी पडेल."

सोमवारी दुकान पुन्हा उघडलं. शास्त्रींनी नाकाला रुमाल बांधला आणि बिया काळ्या होईपर्यंत उभे राहिले. फिकी कॉफी ते स्वतःपुरती भाजणार म्हणाले होते, पण मागणी एवढी वाढली की यंत्र मोकळं मिळेना. पुढे वाचनालयाने त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता 'पूर्ण भाजणीचा माझा प्रयोग'. टाळ्या पडल्या.

मग एकदा भर गर्दीत एक मुलगी आली. पाठीला पिशवी, गावात नवीन असावी. साखर घेतली नाही, दूध घेतलं नाही. घोट तोंडात धरून ती क्षणभर थांबली आणि संकोचून म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर... बिया चांगल्या आहेत हो, पण करपल्यात. जरा लवकर काढल्या असत्या तर आत काहीतरी फळासारखं होतं. जर्दाळू वगैरे."

शास्त्रींचा हात किटलीवर तसाच राहिला. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी न शिकवता कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिला आत न्यावं, यंत्र थांबवावं, तिच्यापुरत्या मूठभर बिया नीट भाजून द्याव्यात, असं त्यांच्या अगदी घशापर्यंत आलं. पण मागे रांग होती. बँकवाले ऐकत होते. मेहुणा ऐकत होता.

"हे बघ बाळ," ते दयाळूपणे हसून म्हणाले, "ही चव कळायला जीभ तयार व्हावी लागते. तुझी होईल हळूहळू."

रांगेतली माणसं हसली. मुलीने कप अर्धा भरलेला तसाच मांडणीवर ठेवला, नमस्कार केला आणि निघून गेली. पुढच्या गिऱ्हाइकाने दोन चमचे साखर मागितली. शास्त्रींनी तीन घातले.